लग्न पुण्यात, नवरा फ्रेंच: व्हिसापर्यंतची वाट

गुरुजींनी पंचांग उघडून पाच मिनिटांत मुहूर्त काढून दिला. आईने त्याच संध्याकाळी कार्यालयाचे पैसे भरले. आणि मग आम्हाला कळलं, की नवरा फ्रेंच असेल तर लग्नाआधी फ्रेंच वकिलातीचा एक कागद लागतो आणि तो यायला महिने जाऊ शकतात. कार्यालयाचे पैसे बुडाले, मुहूर्त पुढे गेला आणि ‘यांचं नक्की ठरलंय ना?’ हे नातेवाइकांत कुजबुजून झालं.

तुमचे पैसे वाचावेत म्हणून हे लिहितेय. व्हिसाचा अर्ज हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. खरं काम त्याआधीचं असतं: तुमचं भारतात झालेलं लग्न फ्रान्सच्या दप्तरात चढवणं, आणि प्रत्येक कागदावर तुमचं नाव एकसारखं असणं. ही दोन कामं नीट झाली की व्हिसासाठी फारसं झगडावं लागत नाही.

हा लेख कुणासाठी नाही तेही सांगते. जोडीदार फ्रान्सचा *नागरिक* असेल तरच पुढचं लागू. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनिअरशी लग्न झालं असेल तर तुमचा रस्ता वेगळा. तिथे त्याचं उत्पन्न, घराचं क्षेत्रफळ, तो किती दिवस तिथे राहतोय असली गणितं येतात. फ्रेंच नागरिकाच्या जोडीदाराला उत्पन्नाची अट नाही. ब्रिटनला गेलेल्या मैत्रिणींचे पगारपत्रकांचे किस्से ऐकून घाबरू नका.

1. तारीख ठरवायच्या आधी: लग्नक्षमतेचा दाखला

फ्रेंच माणसाने परदेशात लग्न करायचं तर आधी त्याच्या वकिलातीकडून ‘सेर्तिफिका द कापासिते आ मारियाज’ घ्यावा लागतो. म्हणजे हा माणूस लग्नाला मोकळा आहे, फ्रेंच कायद्याने हरकत नाही, असा दाखला. अर्ज दोघांच्या कागदांसह वकिलातीत जातो. दिल्लीत दूतावास आहे, शिवाय मुंबई, बंगळुरू, कोलकाता आणि पुदुच्चेरीत कॉन्सुलेट. तुमचा जिल्हा कुणाकडे येतो आणि फाइल कुठे पाठवायची, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

फाइल पूर्ण झाली की लग्नाची जाहीर सूचना 10 दिवस लागते, वकिलातीत आणि जोडीदार फ्रान्समध्ये राहत असेल तर तिथल्या नगरपालिकेतही. त्यांची नगरपालिका म्हणजे ‘मेरी’. हा शब्द आत्ताच लक्षात ठेवा, पुढे जन्मभर कानावर पडणार आहे.

बऱ्याचदा दोघांना वेगवेगळं बोलावून प्रश्न विचारतात. लग्न खरं आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं असतं. मला विचारलं: पहिली भेट कुठे, आपसात कोणत्या भाषेत बोलता, त्याला भावंडं किती, तो काय काम करतो, लग्नानंतर राहणार कुठे. नवऱ्याने पहिल्या भेटीचा महिना चुकीचा सांगितला. मी बरोबर सांगितला, आणि तो अजूनही म्हणतो की माझाच चुकलाय. त्यावरून काही बिघडलं नाही. उत्तरं पाठ करून जाऊ नका. दोघांनी एकच वाक्य शब्दशः म्हटलं तर तेच जास्त खटकतं.

सापळा: हा दाखला न घेताही भारतात लग्न होऊ शकतं. पण मग पाचव्या पायरीवर सगळी चौकशी नव्याने होते, तीही लग्न होऊन तुम्ही इथे आणि तो तिथे असताना.

2. नावाचा घोळ आत्ताच मिटवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझी सगळी दुखणी इथून सुरू झाली.

आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. फ्रेंचांकडे मधल्या मजल्यावर वडील राहत नाहीत. तिथे माणसाला दोन-तीन पाळण्यातली नावं असतात, ती सगळी अधिकृत, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र येतं, म्हणून फ्रान्सच्या दप्तरात वडिलांचं नाव हे तुमचंच दुसरं नाव होऊन बसतं. त्यात चूक काही नाही, फक्त सगळीकडे तसंच हवं. पहिल्याच वर्षी एका दवाखान्यात बाहेर बसले होते. ‘मादाम’ म्हणून हाक आली आणि पुढे माझ्या बाबांचं नाव. मी इकडेतिकडे पाहत राहिले. तिसऱ्या हाकेला उठले.

आता कामाचं:

जन्मदाखला काढून बघा. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण जन्म नोंदवला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. असा दाखला फ्रान्सच्या दृष्टीने तुमचा नव्हेच. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्या. याला शाळा सोडल्याचा दाखला वगैरे लागतो आणि हेलपाटेही पडतात. म्हणून हे सगळ्यात आधी.

पासपोर्ट, जन्मदाखला, आधार: तिन्हींतलं स्पेलिंग शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकात शेवटी ‘ए’ आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरही फाइल परत येते.

आणि नव्या नवऱ्या मुलींनो, लग्नानंतर पासपोर्टावरचं आडनाव बदलायची घाई करू नका. फ्रान्समध्ये बाईचं जन्माचं नाव कायद्याने तेच राहतं. नवऱ्याचं आडनाव फक्त वापरायचं नाव म्हणून जोडता येतं, तेही हवं असेल तर. माझ्या सासूबाईंच्या ओळखपत्रावर आजही त्यांचं माहेरचं आडनाव आधी आहे. मध्येच पासपोर्ट बदललात तर जन्मदाखला एका नावाचा, विवाहदाखला दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या, आणि तिघी एकच बाई आहेत हे सिद्ध करत बसाल.

3. लग्न कोणत्या कायद्याखाली

दोघांपैकी एक हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही, मग सप्तपदी कितीही साग्रसंगीत असो. तुमचा कायदा म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा, रोजच्या बोलण्यातलं ‘स्पेशल मॅरेज’. आधी स्पेशल मॅरेज, नंतर हौसेने अक्षता.

दोघांपैकी किमान एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग 30 दिवस राहिलेलं हवं. तुम्ही तिथलेच असाल तर हे भागतं. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी 30 दिवस. त्यानंतर, पण नोटिशीपासून 3 महिन्यांच्या आत, विवाह अधिकाऱ्यासमोर 3 साक्षीदारांसह लग्न. परदेशी जोडीदाराबाबत काय कागद हवा, ‘हरकत नाही’ कोणत्या स्वरूपात चालतं, हे नोटीस देण्याआधी तिथेच विचारा. प्रत्येक कार्यालयाची आपली पद्धत असते. जोडीदाराच्या भारताच्या व्हिसाची मुदत या सगळ्याला पुरतेय ना, तेही मोजा.

गोव्यात लग्न करणाऱ्यांसाठी नियम निराळे. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी विवाहनोंदणी चालते, नोंदणी अधिकाऱ्यापुढे दोन टप्प्यांत जावं लागतं, त्यामुळे पुण्या-मुंबईचा सल्ला तिकडे जसाच्या तसा लागू करू नका.

लग्नाच्या दिवशी सही करण्याआधी दाखल्याचा मसुदा वाचा. वाचाच. बाहेर ढोल वाजत असला तरी. अर्जात तीन रकाने असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ज्या कार्यालयात आमचं लग्न झालं तिथल्या कारकुनाने माझ्या नवऱ्याचं दुसरं नाव काढून त्या जागी सासऱ्यांचं नाव घातलं होतं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच. ‘मॅडम, यांचं मधलं नाव राहिलं होतं, टाकलं मी,’ असं म्हणाला. सही झाल्यावर कळलं असतं तर माझ्या दाखल्यावर वेगळाच माणूस माझा नवरा झाला असता. फ्रेंच पासपोर्टात आहेत तशीच सगळी नावं, त्याच क्रमाने, जोडरेघेसकट लिहून घ्या.

दाखल्याच्या प्रमाणित प्रती 3 तरी घ्या.

4. अपोस्टिल आणि भाषांतर

भारतीय दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल लावतं. अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात भारत 2005 पासून आहे. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम. सरकारी शुल्क एका कागदाला 50 रुपये. एजंट त्याचे हजारांत घेतात, कारण धावपळ त्यांची असते. मी जन्मदाखल्यासाठी स्वतः फिरले आणि विवाहदाखल्यासाठी गुपचूप एजंटाला पैसे दिले.

आयांना सांगून ठेवा: मूळ दाखला लॅमिनेट करायचा नाही. माझ्या आईने माझा जन्मदाखला 1990 च्या दशकातच ‘खराब होऊ नये म्हणून’ प्लास्टिकमध्ये बंद केला होता. त्यावर ना शिक्का बसतो, ना स्टिकर चिकटतं. नवी प्रत काढावी लागली.

भाषांतर कुणाकडूनही चालत नाही. वकिलातीच्या यादीतला किंवा फ्रान्सच्या न्यायालयाने नेमलेला शपथबद्ध भाषांतरकार हवा. आपले दाखले मराठी-इंग्रजी असतात, त्यामुळे ‘इंग्रजी आहे की’ असं वाटतं. फ्रान्समधली कार्यालयं मात्र फ्रेंचच मागतात. क्रम लक्षात ठेवा: आधी अपोस्टिल, मग भाषांतर. कारण अपोस्टिलचंही भाषांतर व्हावं लागतं. उलट केलंत तर दोनदा पैसे.

5. लग्न फ्रान्सच्या दप्तरात चढवणं

याला ‘त्रांस्क्रिप्स्यों’ म्हणतात. तुमचा भारतीय विवाहदाखला पाहून वकिलात फ्रेंच नोंदवहीत लग्न लिहिते. हे होईपर्यंत फ्रान्समधल्या कार्यालयांपुढे या लग्नाचा आधार घेता येत नाही. सोबत काय लागतं: अर्ज, अपोस्टिल केलेला विवाहदाखला आणि भाषांतर, दोघांचे जन्मदाखले, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती. अर्ज फ्रेंच जोडीदाराने करायचा असतो. त्याला कामाला लावा. इतके दिवस तुम्हीच पळताय.

काम झालं की ‘लिव्हरे द फामीय’ मिळतं, म्हणजे कुटुंबाची छोटी पुस्तिका. पुढे मुलं झाली की त्यात त्यांची पानं भरतात. विवाहनोंदीची प्रत पुन्हा लागली तर नांत शहरातल्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडून ऑनलाइन मागवता येते, फुकट. परदेशात जन्मलेल्या-लग्न झालेल्या फ्रेंचांची दप्तरं तिथे आहेत. लग्न खोटं असल्याचा संशय आला तर प्रकरण नांतच्याच सरकारी वकिलाकडे जातं. आमचं गेलं नाही. पण हा टप्पा आठवड्यांत उरकेल असं धरून नोकरीचा राजीनामा देऊ नका. मी दिला होता, आणि पुढचे चार महिने आईच्या घरी लोणची घालत काढले.

6. व्हिसाचा अर्ज

आता सोपं काम. ‘फ्रान्स-व्हिसाज’ या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा, दीर्घ मुदत निवडा आणि कारण ‘फ्रेंच नागरिकाचा जोडीदार’. तुमच्या उत्तरांवरून संकेतस्थळ तुमच्यापुरती कागदांची यादी देतं. तीच यादी प्रमाण माना, माझी नव्हे. साधारण हे असतं:

– भरलेला अर्ज आणि संकेतस्थळाची पावती, सहीसह
– 10 वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट, किमान 2 कोरी पानं
– ठरलेल्या मापाचे नवे फोटो
– फ्रेंच विवाहनोंदीची ताजी प्रत किंवा लिव्हरे द फामीय
– जोडीदाराच्या फ्रेंच नागरिकत्वाचा पुरावा
– या सगळ्याच्या झेरॉक्स

मग व्हीएफएसच्या (वकिलातीच्या वतीने अर्ज घेणारी खासगी कंपनी) केंद्रात वेळ घ्यायची, मुंबई किंवा पुण्यात, बोटांचे ठसे द्यायचे, पासपोर्ट ठेवायचा. निर्णय केंद्र घेत नाही, कॉन्सुलेट घेतं, म्हणून काउंटरवरच्या मुलीला ‘होईल ना हो?’ असं विचारण्यात अर्थ नाही. फ्रेंच नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाचं शुल्क माफ आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. कुरिअर, एसएमएस, खास खोलीत बसणं असल्या सोयी पुढे केल्या जातात, त्या ऐच्छिक असतात.

फ्रेंच कायद्यानुसार हा व्हिसा तीनच कारणांनी नाकारता येतो: फसवणूक, विवाह रद्द होणं, किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका. तरीही नकार आलाच तर 30 दिवसांच्या आत नांतच्या अपील आयोगाकडे दाद मागायची. नकाराचं पत्र आणि पाकिटावरची तारीख दोन्ही जपून ठेवा.

मोठा सापळा: ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊ आणि तिकडे गेल्यावर बघू.’ हे मला तीन वेगवेगळ्या शहाण्या माणसांनी सुचवलं. लग्न भारतात झालं असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा इथूनच नेलेला बरा. तिथल्या तिथे अर्ज करायची सवलत, लग्न फ्रान्समध्येच झालं असेल, तुम्ही कायदेशीर मार्गाने आत आला असाल आणि जोडीदारासोबत तिथे 6 महिने राहिला असाल, अशांसाठी आहे.

पासपोर्ट परत आला की काउंटरवरच स्टिकर वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा. आपल्याला हवा तो व्हिसा एक वर्षापर्यंतचा असतो आणि तोच राहण्याचा परवाना म्हणूनही चालतो. ‘पोचल्यावर दोन महिन्यांत कार्ड मागा’ अशा अर्थाची ओळ असेल तर तो वेगळा प्रकार, त्याचे नियमही वेगळे.

7. पोचल्यावर: 3 महिन्यांचं घड्याळ

विमानाचा बोर्डिंग पास टाकू नका. फ्रँकफुर्टमार्गे आलात तर फ्रान्सचा शिक्का बसत नाही आणि फ्रान्समध्ये कधी शिरलात ते सांगायला हाच कागद उरतो.

पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन ‘चालू’ करावा लागतो, परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर. व्हिसाचा क्रमांक, आल्याची तारीख, पत्ता आणि कर भरायला बँकेचं कार्ड एवढंच लागतं. किती भरायचं ते त्या दिवशी स्क्रीनवर दिसेल, रक्कम बदलत असते. व्हिसा फुकट मिळाला म्हणून आनंदात आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. पावतीची पीडीएफ छापून पासपोर्टात ठेवा. हे काम राहून गेलं तर तुमचा मुक्काम बेकायदेशीर ठरतो, स्टिकरवर वर्ष असलं तरी.

या व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. अनेक मालकांना हे माहीत नसतं, तुम्हाला माहीत असू द्या.

मग ‘ओफी’ या फ्रान्सच्या स्थलांतर कार्यालयाकडून बोलावणं येतं: वैद्यकीय तपासणी, मुलाखत, फ्रेंचची छोटी चाचणी आणि एकात्मता करारावर सही. करारात 4 दिवसांचं नागरिकशास्त्र असतं: प्रजासत्ताक, शाळा, आरोग्य, घर, नोकरी. चौथ्या दिवशी मला पाचवीतल्या नागरिकशास्त्राच्या बाई आठवल्या.

आणि दारावरची पत्रपेटी! तिच्यावर तुमचं नाव लिहा, पोचलात त्याच दिवशी. फ्रान्समध्ये पोस्टमन पेटीवरचं नाव पाहतो. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं, मी माझं ठेवलेलं. माझं पहिलं बोलावणं ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून परत गेलं. नवरा दोन पायऱ्या वर सोफ्यावर बसला होता. शेवटी मी शाळेच्या वहीच्या लेबलवर आडनाव लिहून चिकटवलं. ते अजून आहे.

8. पहिलं वर्ष: पुढच्या कार्डाची तयारी

व्हिसा संपण्याच्या 4 ते 2 महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. तेव्हा विचारतात: एकत्र राहता का? म्हणून वीजबिल, भाडेकरार, बँक खातं यांवर पहिल्या महिन्यातच दोघांची नावं घालून घ्या. अकराव्या महिन्यात घातलेलं नाव दिसायला वाईट दिसतं.

राहण्याच्या परवान्याचं पुढचं कार्ड सहसा 2 वर्षांचं असतं. लग्नाला 3 वर्षं झाली की 10 वर्षांच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. 1 जानेवारी 2026 पासून भाषेची अट कडक झाली आहे (पुढची अक्षरं म्हणजे फ्रेंच किती येतं त्याच्या चढत्या पातळ्या): दोन वर्षांच्या कार्डाला ए-2, दहा वर्षांच्या कार्डाला बी-1, नागरिकत्वाला बी-2, शिवाय नागरिकशास्त्राची परीक्षा. म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या पायरीमधल्या रिकाम्या महिन्यांत पुण्याच्या किंवा मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये नाव घाला. लोणच्यांपेक्षा ते बरं.

लग्नाला 4 वर्षं झाल्यावर नागरिकत्वाचा मार्ग खुला होतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. फ्रेंच पासपोर्ट घेतला की निळा परत करावा लागतो आणि मग ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) स्वतःच्या घरी यायचं. आमच्याकडे यावर अजून चर्चाच चालू आहे.

कार्ड संपायला आलेलं असताना भारताचं तिकीट काढू नका. नवं कार्ड हातात यायला उशीर होतो, मधल्या काळात मिळणाऱ्या कागदावर परत शिरता येईल का, ते तो कागद वाचून ठरवावं लागतं. माझी एक दिवाळी यात गेली.

आणि येताना सामानात अपोस्टिल केलेल्या, फ्रेंच भाषांतर जोडलेल्या जन्मदाखल्याच्या 2 प्रती जास्तीच्या ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत. आरोग्यविम्याचा क्रमांक द्यायला पहिल्यांदा तोच मागतात.